डोमेन कुठून घ्यावं? आधी इतिहास ऐका

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: 'दादा, स्वतःची वेबसाइट करायची आहे, डोमेन कुठून घेऊ?' उत्तर देतो, पण आधी माझी फजिती ऐका.

बीटेकच्या तिसऱ्या वर्षात मी माझ्या नावाचं डॉट कॉम घेतलं. ऑफर होती, ९९ रुपये. खात्याला ईमेल दिला कॉलेजचा. पास झालो, कॉलेजने तो ईमेल बंद केला आणि रिन्यूअलची सगळी स्मरणपत्रं त्या बंद पेटीत जात राहिली. मला कळलं तेव्हा माझ्या नावाच्या साइटवर रमीची जाहिरात होती! त्याहून वाईट म्हणजे त्याच डोमेनवरचा ईमेल मी दोन-तीन ठिकाणी लॉगिनसाठी दिला होता. म्हणजे त्या खात्यांची चावीसुद्धा आता परक्याच्या हातात.

तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला, की हे नाव मुळात असतं कुणाचं?

चला, मागे जाऊ. १९७०च्या दशकात, अर्पानेटच्या काळात, नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरची नावं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असायची. ती फाइल कॅलिफोर्नियातल्या एसआरआय या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांची टीम सांभाळायची. नवं नाव हवं तर त्यांना कळवायचं, मग त्या नोंद करणार. पण कॉम्प्युटर वाढले आणि एका फाइलचं काम राहिलं नाही. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. नावांची जबाबदारी वाटून टाकायची, ही त्यामागची कल्पना. १५ मार्च १९८५ ला पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं: सिम्बॉलिक्स डॉट कॉम.

गंमत म्हणजे तेव्हा नाव फुकट मिळायचं. १९९३ पासून नोंदणीचं काम नेटवर्क सोल्युशन्स या एकाच कंपनीकडे आलं आणि सप्टेंबर १९९५ मध्ये तिने फी लावली: दोन वर्षांचे १०० डॉलर. आवडो न आवडो, डॉट कॉम हवं तर दुसरं दुकानच नव्हतं.

१९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि १९९९ मध्ये खरा बदल झाला. काम दोन भागांत तुटलं. मूळ वही ठेवणारी ती रजिस्ट्री आणि गिऱ्हाइकाला नाव विकणारा तो रजिस्ट्रार. घाऊक एक, किरकोळ अनेक. स्पर्धा आली, भाव उतरले. आपल्या डॉट इनची नोंदणीसुद्धा २००५ मध्ये याच पद्धतीने खुली झाली. मराठीत नाव हवं असेल तर २०१४ पासून डॉट भारतसुद्धा आहे.

या तुटण्यातूनच आपल्याला एक हक्क मिळाला. नंबर तोच ठेवून आपण सिमची कंपनी बदलतो ना, तसंच नाव तेच ठेवून रजिस्ट्रार बदलता येतो.

हा हक्क किती मोलाचा, हे २००७ मध्ये कळलं. रजिस्टरफ्लाय नावाचा अमेरिकन रजिस्ट्रार कोलमडला, लोकांची नावं अडकली. आयकॅनने त्याची मान्यता काढून घेतली आणि लाखो नावं दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवली. पण ज्यांची खरी माहिती नोंदीत दिसत नव्हती, त्यांना 'हे नाव माझंच' हे सिद्ध करताना घाम फुटला. त्यानंतर रजिस्ट्रारकडच्या नोंदींची प्रत त्रयस्थ संस्थेकडे ठेवून घ्यायला सुरुवात झाली.

तर आता उत्तर. रजिस्ट्रार निवडताना मी पहिल्या वर्षाचा भाव बघतच नाही. मी बघतो, इथून बाहेर पडणं किती सोपं आहे.

रिन्यूअलचा भाव आधी वाचा. ९९ रुपयांची खरी किंमत दुसऱ्या वर्षी कळते. ट्रान्सफर कोड खात्यातूनच मिळतो की कस्टमर केअरच्या विनवण्या कराव्या लागतात, ते तपासा. नवं डॉट कॉम पहिले ६० दिवस सहसा हलवता येत नाही, हेही लक्षात ठेवा. वेबसाइट करून देणारा 'डोमेन मी घेतो' म्हणाला, तरी नोंद तुमच्याच नावावर करून घ्या. खात्याला टू-फॅक्टर लावा. आणि ईमेल असा द्या, जो ना कॉलेजचा, ना ऑफिसचा, ना त्याच डोमेनवरचा.

माझं जुनं नाव परत आलं नाही. आता शेवटी एक आकडा जोडलेलं नाव वापरतो. तुम्ही मात्र आज रात्री झोपण्यापूर्वी एक काम करा: रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन तिथे कुठला ईमेल दिलाय, तेवढं बघा.

भेटू पुढच्या भागात!