मोटारीतील ध्वनिवर्धकाच्या जागेचा इतिहास

मोटारीत ध्वनिवर्धक, म्हणजे रूढ भाषेत स्पीकर, कोठे बसवावा हा प्रश्न आज ध्वनिशास्त्राचा मानला जात असला, तरी पहिली काही दशके त्याचे उत्तर गाडीच्या रचनेनेच दिले. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने 1930 साली ‘मोटोरोला’ हा मोटारीचा रेडिओ आणला, तेव्हा तो बसवण्यासाठी डॅशबोर्ड सोडवावा लागे, एरियलसाठी छत उघडावे लागे आणि स्वतंत्र बॅटऱ्यांसाठी तळाच्या फळ्या कापाव्या लागत. या खटाटोपात एकुलत्या एका स्पीकरच्या वाट्याला उरेल ती जागा येई. पुढे तो डॅशबोर्डच्या मध्यभागी, पुष्कळदा काचेकडे तोंड करून, स्थिरावला. बातम्या आणि भाषणे ऐकण्यास एवढे पुरेसे होते.

संगीताची अपेक्षा वाढली, तसा मागच्या काचेखालच्या फळीवर दुसरा स्पीकर आला. स्पीकरचा पडदा पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची विरळ करतो, आणि या दोन लहरी एकमेकींत मिसळल्या तर खर्ज, म्हणजे खालच्या पट्टीतील स्वर, क्षीण होतो; फळी त्यांना अलग ठेवते व डिकी आपोआप पेटीचे काम करते. त्यामुळे खर्ज भरदार झाला खरा, पण गायक पाठीमागून गाऊ लागला.

खरा पेच स्टिरिओने निर्माण केला. ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लूमलाइन यांनी 1931 साली पेटंटसाठी मांडलेल्या या पद्धतीत दोन स्पीकरांमधून ध्वनीचे एकसंध चित्र उभे राहते, मात्र श्रोता दोहोंपासून सारख्या अंतरावर असावा लागतो. फोर्डने 1966च्या गाड्यांत आठ-ट्रॅकची टेप देऊ केल्यावर स्टिरिओ मोटारीत रुळू लागला, परंतु मोटारीचा चालक कधीच मध्यभागी बसत नाही. उजवीकडे बसणाऱ्या चालकापासून उजव्या दाराचा स्पीकर 75 आणि डाव्या दाराचा 135 सेंटिमीटरवर आहे असे धरले, तर 60 सेंटिमीटरच्या फरकामुळे डावा आवाज सुमारे पावणेदोन मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. हेल्मुट हास यांनी 1949च्या सुमारास केलेल्या प्रयोगांचा आशय असा की, एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान त्याची दिशा आधी आलेल्या लहरीवरून ठरवतो. म्हणूनच गाणे जवळच्या दाराला चिकटल्यासारखे वाटते.

जाणकारांनी यावर शोधलेला एक उपाय म्हणजे स्पीकर पायांजवळच्या बाजूच्या पत्र्यात, शक्य तितका पुढे सरकवणे, कारण दोन्ही अंतरे वाढली की त्यांतील तफावत घटते. तार सप्तकातील सूक्ष्म ध्वनी सरळ रेषेत जातात व गुडघे आणि आसने ते अडवतात, म्हणून त्यांचा छोटा स्पीकर, ट्वीटर, काचेलगतच्या खांबावर चढला. एमआयटीतील प्राध्यापक अमर बोस यांच्या कंपनीने जनरल मोटर्सच्या 1983च्या काही गाड्यांसाठी त्या त्या गाडीच्या अंतर्भागानुसार जुळवलेली ध्वनियोजना दिली, आणि स्पीकरची जागा गाडीच्या आराखड्याचाच भाग ठरली.

पुढे अंकीय प्रक्रियेने जवळच्या स्पीकरचा आवाज किंचित थांबवून अंतराचा दोष भरून काढला. मात्र ही दुरुस्ती एका आसनासाठी अचूक असते आणि शेजारच्या आसनावर तीच बाधक ठरते. शिवाय आसनाने शोषलेला स्वर कोणत्याही यंत्रणेला पुरता परत आणता येत नाही. म्हणून योग्य जागेची निवड ही आजही उत्तम श्रवणाची पहिली अट आहे, आणि विद्युत उपकरणांचे काम तिच्यानंतर सुरू होते.