बर्फातली कोंबडी

रात्रीचा उरलेला कोंबडीचा रस्सा फ्रीजरमध्ये ठेवताना आपण एक जुनाच प्रयोग करीत असतो. १६२६ साली लंडनजवळ हायगेट येथे फ्रान्सिस बेकनने कोंबडीच्या पोटात बर्फ भरला आणि त्यातच थंडी बाधून तो वारला, असे जॉन ऑब्रे लिहितो. कोंबडीचा तपशील ऐकीव आहे. मात्र पदार्थ टिकवण्याचा प्रयोग उत्तम साधल्याचे बेकनने अखेरच्या पत्रात नोंदवले आहे.

पुढे १९१२ ते १९१५ या काळात लॅब्राडोरमध्ये क्लॅरेन्स बर्ड्झायला दिसले, की इन्युइट लोकांनी पकडलेले मासे बोचऱ्या वाऱ्यात झटकन गोठतात आणि वितळल्यावर ताजे लागतात. गोठणे सावकाश झाले तर बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फाटतात व पाणी गळते. म्हणून रस्साही लहान, पसरट डब्यांत गोठवावा.

बेकनला जंतू ठाऊक नव्हते. आपल्याला आहेत; तरी 'थंडीने जंतू मरतात' असेच मुले सांगतात. बरेचसे मरत नाहीत. उणे १८ अंश सेल्सिअसला त्यांची वाढ थांबते, इतकेच. म्हणून रस्सा शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा, वितळवावा तोही फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आणि खाण्यापूर्वी चांगला उकळावा.

टोमॅटोची फोड गोठवून वर्गात वितळू द्या. फाटलेल्या पेशींतले पाणी बशीत दिसेल.