स्टार्टर मोटरची दुरुस्ती व चाचणी

स्टार्टर मोटर ही वाहनाचे बंद इंजिन फिरवून सुरू करणारी, एकदिश प्रवाहावर चालणारी विद्युत मोटर होय. व्यवहारात तिला ‘सेल्फ’ म्हणतात. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत आरंभक कॅडिलॅकच्या १९१२ सालच्या गाड्यांत आला. त्यापूर्वी इंजिन हँडलने फिरवावे लागे आणि त्याच्या उलट्या झटक्याने हात मोडत. भारतात १९६१ साली स्थापन झालेली लुकास-टीव्हीएस ही अशा मोटरांची परिचित उत्पादक आहे.

दोषाचे निदान

धाराशिव जिल्ह्यातील भूमसारख्या, एसटीचे आगार असलेल्या तालुक्याच्या गावी दूध व शेतमालाची ने-आण पिकअप आणि ट्रॅक्टरवर चालते. तेथे पहाटे गाडीने सेल्फ घेतला नाही, की दिवसाचा व्यवहार अडतो. मात्र तेवढ्यावरून मोटर बिघडली असे ठरत नाही. अनेकदा दोष उतरलेल्या बॅटरीत, सैल टर्मिनलमध्ये वा गंजलेल्या अर्थिंगमध्ये असतो. १२ व्होल्टच्या प्रणालीत सेल्फ मारताना बॅटरीचा दाब सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली गेल्यास प्रथम बॅटरी तपासावी. ती निर्दोष असेल, तर मोटर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे असे समजावे. हे न पाहता मोटर खोलणे म्हणजे गिऱ्हाइकाला नाहक भुर्दंड.

दुरुस्ती

मोटर उतरवण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवतात. अन्यथा पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते. झिजलेले कार्बन ब्रश बदलतात. कम्युटेटर बारीक काचपेपरने साफ करतात. एमरी पेपर वापरू नये, कारण त्याचे कण पट्ट्यांमध्ये अडकून राहतात. आर्मेचरच्या गुंडाळीतील शॉर्ट ग्राउलरवर कळतो: वर धरलेले हॅक्सॉचे पाते दोषाच्या जागी थरथरते. बुश झिजल्यास आर्मेचर फील्डच्या ध्रुवांना घासते, म्हणून घासल्याच्या खुणा दिसल्यास बुश बदलणे आवश्यक असते. पिनियनचा क्लच रॉकेलमध्ये बुडवून धुणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने आतले ग्रीस निघून जाते.

चाचणी

जोडलेली मोटर व्हाइसमध्ये घट्ट पकडून काही सेकंदच चालवतात. सिरीज प्रकारची मोटर भाराविना अतिवेगाने फिरते. या वेळी तिचा वेग व प्रवाह उत्पादकाने दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहतात. सोलेनॉइडने पिनियन पुढे ढकलून पुन्हा मागे घेतले पाहिजे, आणि क्लच एकाच दिशेने मोकळा फिरला पाहिजे. क्लच दोन्ही दिशांना अडकत असेल, तर सुरू झालेले इंजिनच आर्मेचर फिरवू लागते आणि त्या वेगाने गुंडाळी उसवून बाहेर फेकली जाते.