परवचा : प्राथमिक शिक्षणातील घराचा वाटा

महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास बहुधा शाळांचा, कायद्यांचा आणि अनुदानांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. मूल शाळेत दिवसाचे चार-पाच तास असते. उरलेल्या वेळात त्याच्या शिकण्याचे काय होत होते, याची दखल त्यात क्वचितच घेतलेली आढळते. मराठी भाषेने मात्र ही दखल फार पूर्वी घेतलेली आहे. गुरुजी मुलास ‘शिकवतात’. घरची माणसे त्याचा ‘अभ्यास घेतात’. पहिल्या क्रियेत देणारा मोठा असतो व घेणारे मूल. दुसरीत मूल देते आणि मोठा घेतो. ‘पाढे म्हणून घेणे’ हा प्रयोगही ह्याच घडणीचा. घराकडे शिकवण्याचे काम नसून ऐकण्याचे काम आहे, हा विचार ह्या प्रयोगांत गृहीत धरलेला दिसतो.

ह्या ऐकण्याला एक वेळ होती व एक नावही होते. दिवेलागणीस मुलांनी एका सुरात पाढे, वार, महिने, तिथी, नक्षत्रे आणि स्तोत्रे म्हणावयाची, ह्याला परवचा म्हणत. पंतोजींच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे गिरवली जात व पाढ्यांची घोकंपट्टी चाले. संध्याकाळी तेच घरी पुन्हा म्हटले जाई. साध्या पाढ्यांखेरीज पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढेही त्यात असत. सोळा आण्यांचा रुपया आणि शेर-पावशेराची मापे ज्या व्यवहारात होती, त्यात ह्या पाढ्यांची गरज रोजची होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापे आली, आणि निमकी-पाऊणकीचा व्यवहारातील आधार गेला. परवचा मागे पडण्याची कारणे सांगताना शिक्षणशास्त्रातील नव्या विचारांचा उल्लेख नेहमी होतो. नाण्यांचा होत नाही. तो व्हावयास हवा.

तथापि परवच्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. तो ऐकणाऱ्यास तो स्वतः येत असला पाहिजे. कुलकर्ण्याच्या वा सावकाराच्या घरी आजोबांना अडीचकी पाठ असे. मोट हाकणाऱ्याच्या किंवा गावकामगार महाराच्या घरी ती कोणी शिकलेच नव्हते. छापील पुस्तकांची सरकारी शाळा आल्यावर हे अंतर कमी होण्याऐवजी एका अर्थी वाढले. पाठांतर निदान कानाने पडताळता येई. क्रमिक पुस्तकातील धडा वाचता आल्यावाचून पडताळता येईना. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, आणि कनिष्ठ मानलेल्या वर्गांतील पालकांनी मुले शाळेत पाठवावीत म्हणून शिष्यवृत्त्या व बक्षिसे असावीत असेही सुचवले. घरात अक्षराची परंपरा नसली म्हणजे शाळेचा लाभ घरास दिसत नाही, हे त्यांनी ओळखले होते. शिक्षणखात्याच्या तत्कालीन कारभारात ही जाणीव विरळाच आढळते.

परंपरा नसलेल्या घरात अभ्यास घेतला जाऊ लागला, तो पुष्कळदा नोकरीच्या वाटेने. ह्याचे सर्वांत परिचित उदाहरण सुभेदार रामजी सकपाळ यांचे. कंपनीच्या सैन्यात सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षणाची सक्ती होती. त्यामुळे महार सैनिकांच्या कुटुंबांत अक्षर आले. रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ते कबीरपंथी असल्याने घरी संध्याकाळी अभंग व कबीराचे दोहे म्हणणे मुलांना बंधनकारक असे. परवच्याची चौकट येथे जशीच्या तशी आहे; आशय तेवढा निराळा. पुढे मुंबईस परळच्या चाळीतील एका खोलीत, जिथे चूलही होती आणि सरपणही, रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलास उठवून अभ्यासास बसवीत आणि त्याच्या रिकाम्या जागी स्वतः झोपत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर विवाहित मुलींकडे जात. तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला त्यांनी मुलाकडून पाठ करून घेतली हे खरेच. परंतु जागा, वेळ आणि शांतता ह्यांची जी वाटणी त्यांनी त्या खोलीत केली, ती ह्या विषयाच्या अभ्यासकास अधिक महत्त्वाची वाटावी. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

ह्याच भीमरावांनी, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी, १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ह्या विधानामुळे ते भाषण प्रसिद्ध आहे. त्यातील दुसरा भाग कमी उद्धृत होतो : अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो व गँगमन म्हणूनच संपतो, स्टेशनमास्तरच्या घरी वावरावे लागते म्हणून त्यास पोर्टरही होता येत नाही. अशा घरातील मुलाचा अभ्यास कोणी घ्यावयाचा, हा प्रश्न भाषणात प्रत्यक्ष नाही; पण त्याच्या पोटात आहे.

मनमाड हे गाव त्या प्रश्नासाठी फार बोलके आहे. मुख्य लोहमार्ग, १८७८ साली झालेला दौंड-मनमाड फाटा आणि १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात गेलेली मीटरगेज यांच्या संगमावर ते वाढले. पुलांचे सांगाडे करणारा रेल्वेचा कारखाना तेथे आहे. रेल्वेची पाळी सूर्यास्त पाहून बदलत नाही. दिवेलागणीला ठरावीक माणसाने ठरावीक जागी बसून ऐकावयाचे, ही परवच्याची अटच अशा गावी मोडते. शिवाय गावात मराठीच्या जोडीस हिंदी व उर्दू कानी पडते, आणि पूर्वेस निजामाच्या राज्यात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम प्रायः उर्दू होते. रूळ ओलांडून पलीकडे गेलेल्या मराठी मुलास शाळेची भाषा एक व घरची दुसरी. तेथे मराठी सांभाळण्याचे काम आपोआप घरावर, विशेषतः आईवर, आले. तिला अक्षर येत नसले तरी ओवी, उखाणा, कोडे आणि व्रताची कहाणी येत होती. ह्या सामग्रीला ‘अभ्यास’ म्हणावे असे मात्र कोणास सुचले नाही.

ते सुचले ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर. १९४५ साली बोर्डीस ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या प्रयोगाने भाषेस दिला. २०२२ साली राज्यात शाळापूर्व तयारीसाठी ‘पहिले पाऊल’ ह्या अभियानात मातांचे गट करण्यात आले, तेव्हा निरक्षर आईही अभ्यास घेऊ शकते हे शासकीय पातळीवर मान्य झाले. त्यास बराच उशीर झाला, असेच म्हणावे लागते.

ह्याच सुमारास घराचा कान किती टिकाऊ असतो ह्याचाही प्रत्यय आला. मराठी संख्यानामांत आधी एकक येतो, मग दशक : ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी, लिहिताना २ आधी. जर्मन भाषेतही हाच क्रम आहे. शेजारच्या कन्नड व तेलुगूत दशक आधी येते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली. हा क्रम लेखनाशी जुळतो आणि ‘त्र्याहत्तर’, ‘अठ्ठ्याण्णव’ यांसारखी जोडाक्षरी नावे लहान मुलांस जड जातात, असे तिचे समर्थन करण्यात आले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी ते जाहीरपणे मांडले. भाषिक दृष्टीने त्यात तथ्य आहे. परंतु विरोध मोठा झाला, विधिमंडळातही विषय निघाला, आणि तो पुष्कळसा पालकांच्या बाजूने होता. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती. दोन्ही रूपे दिलेली होती. तरीही पालकांना अडचण वाटली, कारण त्यांना जे ऐकता येत होते ते ‘एकवीस, बावीस, तेवीस’ एवढेच होते, आणि ‘वीस एक’ म्हणणाऱ्या मुलाचा अभ्यास कसा घ्यावा हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.