शस्त्रक्रिया नको म्हणणारा सेनापती

१८४०च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि भीषण दुष्काळ पडला. खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढून त्यांच्या झोपड्यांची छपरे पहारींनी पाडली जात. टिपेररी परगण्यातील एका कॅथलिक गृहस्थाने असे एक दृश्य पाहण्यास आपल्या लहान मुलाला बरोबर नेले होते. तो मुलगा म्हणजे पुढे ब्रिटिश सैन्यात लेफ्टनंट जनरल झालेले सर विल्यम फ्रान्सिस बटलर. ज्या राजवटीच्या पोलिसांच्या पहाऱ्यात ती छपरे कोसळली, तिच्याच लष्करात त्यांनी १८५८ पासून ४७ वर्षे चाकरी केली! हे कोडे आम्हांस पूर्णपणे उलगडले आहे, असा आमचा दावा नाही.

जेज्वीट धर्मगुरूंच्या शाळेत शिकलेल्या या तरुणाजवळ पैसा नव्हता आणि त्या काळी पलटणीतील हुद्दे चक्क विकत घेतले जात. ही पद्धत १८७१ साली बंद झाली. ब्रह्मदेश व मद्रास पालथे घालूनही बारा वर्षांत बटलर लेफ्टनंटच्या वर चढले नाहीत. १८७० मध्ये कर्नल वुल्झली यांची मोहीम कॅनडातील रेड नदीकडे निघाली, तेव्हा नेमणुकीची खात्री नसताना त्यांनी अटलांटिक ओलांडला. त्या मोहिमेनंतर फोर्ट गॅरीपासून रॉकी पर्वताच्या पायथ्यापर्यंत आणि परत, असा ११९ दिवसांचा हिवाळी प्रवास त्यांनी घोड्यावरून व कुत्र्यांच्या घसरगाडीतून केला. देवीच्या साथीने ओस पडलेल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्या त्यांनी पाहिल्या. त्या प्रदेशासाठी पोलिस दल उभारावे, असे त्यांनी आपल्या अहवालात सुचवले. १८७३ मध्ये कॅनडाचे घोडेस्वार पोलिस दल स्थापन झाले.

त्यानंतर अशांती, झुलूलँड, इजिप्त, नाईल अशा मोहिमांमागून मोहिमा आल्या. परक्यांची भूमी दडपणाऱ्या या मोहिमांत बटलर यांचाही हात होता, हे विसरून चालणार नाही. १८७७ मध्ये त्यांचा विवाह चित्रकर्ती एलिझाबेथ थॉम्पसन यांच्याशी झाला. कार्डिनल मॅनिंग यांनी तो लावला. क्रिमियाच्या बर्फात थकून उभ्या असलेल्या सैनिकांचे या बाईंचे चित्र राणी व्हिक्टोरियाने विकत घेतले होते. १८९० साली मात्र त्यांनी एक वेगळेच चित्र रंगवले: पाडलेल्या झोपडीपाशी उभी असलेली एकटी आयरिश स्त्री. पतीच्या बालपणीची ती आठवण त्या घरात कधी बोलली गेली असेल काय, असे आमच्या मनात येते.

१८९८च्या अखेरीस बटलर दक्षिण आफ्रिकेचे सरसेनापती म्हणून केपटाऊनला पोहोचले. हायकमिशनर मिल्नर रजेवर असल्याने तेही काम त्यांच्याकडे आले. ट्रान्सवालमध्ये सोने सापडल्यापासून तेथे परदेशी लोकांची गर्दी झाली होती व त्यांच्या हक्कांचे निमित्त करून बोअरांशी युद्ध पेटवण्याची खटपट चालली होती. डिसेंबरमध्ये जोहान्सबर्ग येथे एक इंग्रज बोअर पोलिसाच्या गोळीने मेला. त्यावरून राणीला लिहिलेला अर्ज पुढे पाठवण्यास बटलर यांनी नकार दिला. हा उठाव मुद्दाम रचलेला आहे, असे त्यांचे मत होते. ग्रॅहम्सटाऊनच्या भाषणात ते म्हणाले, की या देशाला शस्त्रक्रियेची नव्हे, शांततेची गरज आहे. पुढे, युद्ध झाल्यास ते दक्षिण आफ्रिकेवर आजवर कोसळलेले सर्वांत मोठे संकट ठरेल, असे त्यांनी लंडनला कळवले. लंडनला हे ऐकायचे नव्हते. जुलै १८९९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ऑगस्टमध्ये जहाज गाठले.

११ ऑक्टोबरला युद्ध सुरू झाले. डिसेंबरात एकाच आठवड्यात ब्रिटिशांचे तीन पराभव झाले. जखमींच्या डोल्या वाहण्यासाठी गांधीजींनी सुमारे ११०० हिंदी लोकांचे पथक उभारले, ते याच युद्धात. थोडक्यात आटोपणारे म्हणून सुरू केलेले हे युद्ध मे १९०२ पर्यंत चालले, चार लाखांहून अधिक सैनिक लागले. साम्राज्याचे सुमारे २२,००० सैनिक दगावले. छावण्यांत कोंडलेल्या सुमारे २६,००० बोअर स्त्रिया व मुले मेली. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो बळी गेले, त्यांची तर नीट मोजदादही झाली नाही.

इकडे वृत्तपत्रांनी बटलर यांना बोअरांचा पक्षपाती ठरवले. ज्या युद्धाविषयी त्यांनी सावध केले होते, त्यात त्यांना पाठवण्यात आले नाही. १९०५ मध्ये मात्र त्याच युद्धातील लष्करी मालाच्या घोटाळ्याची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. उरलेला माल कंत्राटदारांना स्वस्तात विकून तोच महागात परत घेतला गेल्याचे समितीने उघड केले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले.

आपल्या सद्‌सद्विवेकबुद्धीला साम्राज्याची ही चाकरी खुपत असता तलवार म्यान करून ते आधीच घरी का परतले नाहीत, असे कोणी विचारील. कदाचित संसाराची जबाबदारी असेल, कदाचित शिपाईगिरीची ओढ. आम्हांस एवढेच दिसते, की नाही म्हणण्याची वेळ आली तेव्हा हुद्द्याची पर्वा न करता त्यांनी ते म्हटले.

७ जून १९१० रोजी टिपेररीतील बान्शा येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे आत्मचरित्र कन्या आयलीन हिने पुरे केले. ते १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. लढाया पुढे येतात. आरंभीच्या पानांत ती पाडलेली छपरे आहेत.