गंजीफ्रॉक नेमका कुणाचा?

यंदाच्या उन्हाळी सुटीत माझ्या लेकीला एक टॉप हवा होता. साधाच, टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाचा. पण बाह्या मनगटापर्यंत आणि उंची गुडघ्याच्या थोडी वर. बाजारात बाह्या मिळाल्या तर उंची मिळेना, उंची मिळाली तर गळा मोठा. शेवटी अम्मीचे जुने पायमशीन पुसून बाहेर काढले आणि घरीच शिवला.

पहिल्यांदा तो घालून ती बाहेर पडली आणि आठवडाभरात दोन शेरे ऐकून आली. नात्यातल्या एक बाई म्हणाल्या, "असले टी-शर्ट आपल्यातले नव्हेत." शिकवणीतल्या मैत्रिणीने बाह्यांकडे बघून विचारले, "तुमच्यात असंच घालावं लागतं का?" घरी आल्यावर लेक म्हणाली, "अम्मी, मग हा टॉप नेमका कुणाचा?"

प्रश्न सोपा नव्हता. दोन भाषा शिकवण्यात माझे आयुष्य चालले आहे, म्हणून मी शब्दांपासूनच सुरुवात केली.

या कापडाला दुकानात आपण 'होजिअरी' म्हणतो. इंग्रजीतल्या 'होज'चा अर्थ पायात घालायचे मोजे. विणीचे कापड आधी पायात आले, अंगावर नंतर चढले. आपला 'मोजा' हा शब्द फारसी आहे. साडी किंवा लुंगीच्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांत गुंततात. विणीच्या कापडात धाग्याचे फासे असतात, एका फाशातून दुसरा ओढलेला. फासा ओढला की लांबतो, सोडला की परत येतो. टी-शर्ट ताणला जातो तो यामुळे.

दोन सुयांवर विणलेले सर्वांत जुने ज्ञात नमुने इजिप्तमध्ये सापडले. ते मध्ययुगीन इस्लामी काळातले सुती मोजे आहेत. पांढऱ्या सुतात निळीने रंगवलेल्या सुताची नक्षी, आणि काहींवर अरबी अक्षरांच्या वळणाचे पट्टे. हे वाचून आपली छाती फुगते. माझीही फुगली होती. पण अक्षरे अरबी म्हणून विणणारे हात मुसलमानाचेच होते असे सिद्ध होत नाही. त्या देशात ख्रिस्ती होते, ज्यू होते, आणि सगळ्यांची बोली अरबीच होती. त्याच इजिप्तमध्ये त्याच्या कितीतरी शतके आधीचे लोकरी मोजेही मिळाले आहेत. ते दिसायला विणलेले वाटतात, पण एकाच सुईने, वेगळ्या पद्धतीने केलेले आहेत. कारागिरी कुणा एकाच्या दारात सुरू होत नाही.

स्पेनमधल्या बुर्गोस शहराजवळ लास उएल्गास नावाचा मठ आहे. 1275 मध्ये वारलेला कॅस्टिलचा राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा तिथे पुरला आहे. त्याच्या कबरीत रेशमी विणीची उशी निघाली आणि तिच्या काठावर कूफी लिपीत 'बरका' हा अरबी शब्द विणलेला आहे. बरका म्हणजे आपण 'बरकत' म्हणतो तेच. ख्रिस्ती राजपुत्राच्या डोक्याखाली अरबी दुआ! 'हे आपल्यातले नव्हे' असे त्याच्या घरच्यांना वाटले नसावे.

पुढे युरोपात हाताने मोजे विणण्याचा मोठा धंदा उभा राहिला. 1589 मध्ये इंग्लंडच्या विल्यम ली याने मोजे विणायचे यंत्र बनवले. इंग्लिश खाडीतली जर्सी आणि गर्न्सी ही बेटे विणकामासाठी प्रसिद्ध झाली. जर्सीचे नाव कापडालाच मिळाले. गर्न्सीचे कोळी आणि खलाशी घालत त्या विणीच्या सदऱ्याला इंग्रज 'गर्न्सी फ्रॉक' म्हणू लागले. तोच शब्द आपल्याकडे येऊन 'गंजीफ्रॉक' झाला. आमचे अब्बा दोरीवर वाळत घालायचे तो गंजीफ्रॉक असा एका बेटाचे नाव सांगतो. आणि 'बनियान'चा प्रवास उलटा. तो शब्द आपल्या गुजराती वाण्यावरून निघाला, परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी गेला, युरोपात सैल झग्याचे नाव बनला आणि आज आतल्या कपड्याचे नाव म्हणून आपल्याच घरात आहे.

शिवणाच्या डब्यातही हाच मेळा भरलेला दिसतो. सुई आणि कात्री संस्कृतातून आल्या, अस्तर फारसीतून, खिसा अरबीतून, काज आणि इस्त्री पोर्तुगीजांकडून. यातला एकही शब्द परका म्हणून काढून टाकला, तर सदरा पुरा शिवता येणार नाही.

'शिवलेले कपडे हिंदुस्थानात मुसलमानांनी आणले' असे आपल्यातले काहीजण अभिमानाने सांगतात, आणि काही लोक तेच वाक्य टोमणा म्हणून वापरतात. दोघेही चूक आहेत. आपल्याच महाराष्ट्रात अजिंठ्याच्या चित्रांत बाह्यांचे शिवलेले कपडे घातलेली माणसे आहेत. अमरकोशात शिंप्याला 'तुन्नवाय' आणि 'सौचिक' असे दोन शब्द आहेत. नंतरच्या सुलतानांच्या आणि मुघलांच्या काळात नवे बेत आले, जामा-पायजमा रुळला, हे खरे. पण सुई आधीपासून इथे होती. शिंपी समाज संत नामदेवांना आपले मानतो. मुसलमान दर्जी हजरत इद्रीस यांना पहिले शिवणारे मानतात आणि स्वतःला इद्रीसी म्हणवतात. धंदा एकच, आणि दोघांनीही तो इबादतीइतका मानाचा समजला.

आता लेकीच्या टॉपकडे येते. कागदी नमुन्यावरून घरी शिवणे ही अमेरिकेतल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याची देणगी. 1863 पासून त्याने एकाच कपड्याचे लहानमोठ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. 'नमुना' हा शब्द मात्र फारसी! मी लेकीला नीट बसणारा एक टी-शर्ट वर्तमानपत्रावर ठेवून नमुना काढला. उंची खालून नुसती वाढवली नाही. कंबरेच्या रेषेवर कागद कापून मधे पट्टी जोडली, म्हणजे कंबर कंबरेवरच राहते. बाही सरळ लांबवली, मुंढा तसाच ठेवला. कापडाचा जास्त ताण अंगाभोवती येईल असे कापले.

पहिला प्रयत्न फसला. डोके घालताच गळ्याचा दोरा तुटला, कारण कापड ताणले आणि शिलाई ताणली नाही. मग गोल टोकाची सुई लावली, कापड हलके ताणून धरत टीप मारली, गळपट्टी गळ्याच्या घेरापेक्षा थोडी आखूड कापली आणि कडा गल्लीतल्या दुकानातून इंटरलॉक करून आणल्या. अम्मी शेजारी बसून एकच गोष्ट सांगत होती, "आत माया ठेव. पोर वाढतेय."

लेकीला मी उत्तर दिले ते असे: बेटा, कापडाची वीण इजिप्तच्या मोज्यांत दिसते, नाव एका बेटाचे आहे, कागदी नमुना अमेरिकेतल्या शिंप्याचा आणि मशीन नानीचे. ज्याच्या हाती हे कापड गेले, त्याने ते आपल्या अंगाला बेतून घेतले. तूही तेच केलेस. बाह्या किती लांब ठेवायच्या हे तू ठरवलेस, म्हणून टॉप तुझा.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "पुढचा टॉप मी शिवते. तू फक्त इंटरलॉक करून आण."