थांबला तो उरला

साल १८३८. पॅरिस. सकाळचे आठ वाजलेत. छायाचित्रणाचे प्रयोग करणाऱ्या लुई दागेरच्या उंच खिडकीपाशी तुम्ही उभे आहात. खोलीत आयोडिनचा उग्र वास कोंडलाय. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा त्याने नुकताच लाकडी पेटीत सरकवला. पेटीचा डोळा उघडला. आता काही मिनिटं तो मिटणार नाही.

खाली बुलेव्हार द्यु तांप्ल. इथल्या नाटकघरांत रोज इतके खून पडतात, की लोक याला 'गुन्ह्यांचा रस्ता' म्हणतात. तुम्ही धडधड जिना उतरता आणि गर्दीत शिरता. घोडागाड्यांचा खडखडाट, घोड्यांच्या लिदीचा वास, कुणाचा तरी खांद्याला धक्का. कोपऱ्यावर एक गृहस्थ एक पाय उचलून बुटांना पॉलिश करून घेतोय. त्याच्याकडे नजर टाकून तुम्ही पुढे जाता.

परत वर येता. अंधारात, पाऱ्याच्या वाफेवर चित्र उमटतं. घरं, धुराडी, झाडं, सगळं लखलखीत. रस्ता मात्र ओस. गाड्या नाहीत, घोडे नाहीत, तुम्हीही नाही. जे हललं ते पत्र्यावर टिकलंच नाही. उरलाय तो पाय उचललेला माणूस. छायाचित्रात दिसणारा बहुधा पहिलाच.

'थांबला तो संपला' हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. इथे थांबला तोच उरला.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री कोरा कागद ठेवतात. सटवाई येते, नशीब लिहून जाते. इथे कोरा पत्रा होता, आणि त्यावर कोण उमटणार हे बुटांवरच्या धुळीने ठरवलं. पुढच्या वर्षी तारयंत्रवाला सॅम्युअल मोर्स हे चित्र पाहील आणि निर्मनुष्य रस्त्यावरच्या या एकट्या माणसाबद्दल भावाला पत्र लिहील. त्या माणसाला यातलं काहीच कळणार नाही. त्याचं नावही कुणाला कळणार नाही.

पण तो खरंच एकटा आहे? पत्र्याजवळ डोळे न्या. त्याच्या पायाशी एक पुसट डाग आहे. बूटपॉलिशवाला. त्याचे हात थांबले नाहीत, म्हणून तो धूसर झाला. आणि ते हात चालत होते, म्हणूनच दुसरा थांबला.

तुम्ही पुन्हा खाली धावता. गृहस्थ पैसे देऊन गर्दीत नाहीसा झालाय. पॉलिशवाला मान वर करून तुमच्या बुटांकडे बघतो.

पेटीचा डोळा केव्हाच मिटलाय. तरी तुम्ही थांबता, आणि या वेळी त्याच्या हातांकडे बघता.